अस्सल कोणते? नाशिकची 'थार' आणि तिच्या चाहत्यांचा राग

१.
१५ ऑगस्ट २०२०. करोनाच्या साथीमुळे सभागृहे बंद होती, म्हणून महिंद्रा कंपनीने आपल्या 'थार' या गाडीचे नवे रूप इंटरनेटवरूनच लोकांपुढे आणले. काही तासांतच चाहत्यांमध्ये उभी फूट पडली. एक गट हरखून गेला. दुसरा म्हणाला, ही थारच नव्हे. या दुसऱ्या गटाचा राग ही केवळ हौशी मंडळींची कुरकुर होती, की इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून ऐकावे असे त्यात काही होते? हा धागा त्या रागाचा आहे.

२.
ही गाडी तयार होते नाशिकला, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत. कंपनीचा येथील कारखाना १९८१ पासूनचा. २००२ साली आलेली स्कॉर्पिओही येथेच घडली. कोऱ्या गाड्या लादून निघालेले लांबलचक ट्रेलर नाशिककरांच्या रोजच्या पाहण्यातले. सातपूर-अंबडच्या अनेक घरांतले कुणी ना कुणी या कारखान्यात किंवा त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एखाद्या लहान उद्योगात पाळीवर जाते. त्यामुळे थारचा चेहरा बदलला, ही बातमी या शहरात घरातल्या बातमीसारखी आली.

३.
नाराज चाहत्यांचे आक्षेप प्रामुख्याने तीन होते. पहिला आक्षेप नकलेचा. नवी थार अमेरिकेच्या जीप रँग्लरसारखी दिसते, तिला स्वतःचा चेहरा उरलेला नाही, असे ते म्हणत. दुसरा आक्षेप पुढच्या ग्रिलचा. जुन्या गाडीच्या सरळ उभ्या फटी जाऊन तेथे काळ्या पट्टीत बसवलेली नवी रचना आली होती. ती अनेकांना इतकी खटकली की पुढे बाहेरून दुसरे ग्रिल आणून बसवण्याचा मोठा बाजारच उभा राहिला.

४.
तिसरा आक्षेप सर्वांत खोल होता : गाडी मऊ झाली. मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांच्या जागी पुढे तोंड केलेली आसने आली. पक्क्या छताचा पर्याय आला, स्पर्शाने चालणारा पडदा आला, आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा आली. मागच्या लोखंडी पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आले. जुन्या थारमध्ये चालकाला रस्त्यातला प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्याने मोजावा लागे आणि चाहत्यांना त्याचाच अभिमान होता. सुखासीन थार त्यांना वदतोव्याघात वाटली.

५.
आकडे मात्र निराळी गोष्ट सांगत होते. नवे पेट्रोल इंजिन १५० अश्वशक्तीचे आणि डिझेल इंजिन १३० अश्वशक्तीचे. जुन्या थारचे डिझेल इंजिन साधारण १०५ अश्वशक्तीचे होते. पूर्वी ५०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाता येई, आता ६५०. गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची वाढून २२६ मिलिमीटर झाली. हाताने ओढायचा फोर-व्हील ड्राइव्हचा दांडा कायम राहिला. दऱ्याखोऱ्यांत चालण्याच्या या कसोट्यांवर नवी गाडी जुनीहून सरस होती. तरीही राग शमला नाही. म्हणजे तो क्षमतेविषयी नव्हताच.

६.
तो होता 'अस्सल' या शब्दाविषयी. जुनी थार अस्सल, नवी नक्कल, असे समीकरण चाहत्यांनी मांडले होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा वेळी एक साधा प्रश्न विचारावा : अस्सल म्हणजे नेमके कधीचे? या प्रश्नाचे बोट धरून मागे जाऊ लागले की पायांखालची जमीन सरकू लागते.

७.
१९४० साली अमेरिकी सैन्याला टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. तिचा पहिला नमुना बनवला बँटम या लहानशा कंपनीने. पण एवढ्या लहान कंपनीकडून युद्धाला पुरेल इतके उत्पादन होणार नाही, असे सैन्याला वाटले. बँटमची रचना विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांना पाहू दिली गेली आणि मुख्य कंत्राट विलीजकडे गेले. महायुद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. जिने मूळ कल्पना उतरवली ती बँटम मात्र कडेला पडली.

८.
ज्या उभ्या फटींच्या चेहऱ्यासाठी चाहते आज भांडतात, त्याची कथा याहून गमतीची आहे. विलीजच्या सुरुवातीच्या गाड्यांना लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी असे. एकाच पत्र्यातून ठोकून काढलेले, नऊ उभ्या फटींचे, स्वस्त आणि हलके ग्रिल आणले ते फोर्डने. विलीजने ते उचलले. युद्धानंतर १९४५ मध्ये नागरी जीप आली, तिचे दिवे मोठे झाले आणि फटी सात उरल्या. जीपचा जगप्रसिद्ध चेहरा मुळात प्रतिस्पर्ध्याच्या काटकसरीतून जन्मला.

९.
पुढे विलीजने जाहिरातींतून जीपच्या निर्मितीचे श्रेय स्वतःकडे घेतले. तेव्हा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९४८ मध्ये कंपनीला असे दावे करण्यास मनाई केली. अस्सल कोण हा वाद नाशिकच्या गाडीने सुरू केलेला नाही. तो जीपच्या जन्माबरोबरच जन्मला आहे.

१०.
आता भारताकडे वळू. २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियाना येथे 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी स्थापन झाली. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद हे तिचे भागीदार. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. ते त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला 'मोहम्मद' जाऊन तेथे दुसरे 'महिंद्रा' आले. कंपनीच्या नावाचेही असे एक नवे रूप आहे आणि त्याखाली फाळणीची रेघ आहे.

११.
कैलाशचंद्र महिंद्रांनी युद्धकाळात अमेरिकेत भारताच्या खरेदी-मंडळाचे काम पाहिले होते. तेथेच त्यांची जीपशी ओळख झाली. भारतातले खडबडीत रस्ते, दूरवरची गावे आणि नव्या राष्ट्राची निकड या सगळ्यांना ही गाडी पुरी पडेल, हे त्यांनी ओळखले. मुंबईत माझगाव येथे विलीजकडून आलेले सुटे भाग जोडून जीप तयार होऊ लागल्या. भारतीय जीपची सुरुवात परवान्याने आणलेल्या परदेशी खोक्यांतून झाली.

१२.
त्या मालिकेतली सीजे-३बी ही जीप आज भारतीय जीपप्रेमींना पूज्य आहे. तिचे बॉनेट उंच आणि बोजड दिसते, कारण नवे हरिकेन इंजिन अधिक उंच होते आणि ते बसवण्यासाठी पत्रा वर उचलावा लागला. म्हणजे आज ज्याला अभिजात रूप म्हणतात, ती एके काळी निव्वळ तडजोड होती. अमेरिकेने १९६८ साली हे मॉडेल बंद केले. महिंद्राने मात्र त्याच घाटाच्या गाड्या नंतरही अनेक दशके काढल्या. जेथे गाडी जन्मली तेथे तिची आठवण उरली, आणि जेथे ती उसनी आली तेथे ती जिवंत राहिली.

१३.
या काळात महाराष्ट्रात 'जीप' हे एका कंपनीचे नाव राहिले नाही, ते सामान्यनाम झाले. तहसीलदाराची जीप, फौजदाराची जीप, वनखात्याची जीप, प्रचाराचा कर्णा बांधलेली निवडणुकीची जीप. पेठ-सुरगाण्याकडच्या घाटवाटांवर एसटी पोहोचत नसे तेथे काळी-पिवळी पोहोचत असे. टपावर पोती, मागच्या फळीवर लोंबकळणारी माणसे आणि आत समोरासमोरच्या बाकड्यांवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेला अख्खा बाजार. नव्या थारमधून गेलेली बाकडी ही ती होती.

१४.
जीपचा आणखी एक गुण लोकांच्या मनात घट्ट बसला होता : ती कुठेही दुरुस्त होई. पाना, पकड, थोडी तार आणि गावातला एखादा मिस्त्री एवढ्यावर काम भागे. यंत्र उघडले की समजत असे. गाडीवर मालकी असणे म्हणजे ती कशी चालते हे ठाऊक असणे, असा त्या पिढीचा संबंध होता. चाहते ज्याला 'कणखरपणा' म्हणतात त्याचा मोठा भाग हा आहे. तो पत्र्याच्या जाडीत शोधून सापडत नाही.

१५.
२०१० मध्ये 'थार' हे नाव आले. एमएम-५४० आणि एमएम-५५० या जीपच्या परंपरेतले अंग आणि त्यात नव्या काळाचे डिझेल इंजिन. आणि तेव्हाही कट्टर मंडळी नाराज झालीच! कारण अधिक शक्तीच्या थारच्या पुढच्या बाजूला अखंड आस आणि पाटे नव्हते. त्याऐवजी दोन्ही चाके स्वतंत्रपणे हलणारी रचना होती. खऱ्या जीपला असले लाड नसतात, असा सूर निघाला. दहा वर्षांनी २०२० च्या थारला नावे ठेवताना चाहत्यांनी जिला 'अस्सल' म्हणून पुढे केले, ती हीच २०१० ची थार.

१६.
हे केवळ आपल्याकडे घडते असे नाही. १९८७ च्या जीप रँग्लरला चौकोनी दिवे दिले गेले, तेव्हा अमेरिकी चाहते खवळले. १९९७ च्या मॉडेलमध्ये गोल दिवे परतले. पोर्शे ९११ या जर्मन स्पोर्ट्‌स कारच्या १९९७ मधल्या आवृत्तीत इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड होऊ लागले आणि दिव्यांचा आकार पसरट झाला. त्या दिव्यांना लोकांनी तळलेल्या अंड्याची उपमा दिली. पुढच्या आवृत्तीत तेथेही गोल दिवे परतले. ब्रिटनच्या लँड रोव्हर डिफेंडरचे जुने रूप २०१६ मध्ये थांबले आणि २०१९ मध्ये नवे आले, तेव्हा तीच तक्रार तेथेही उठली. भाषा बदलते, आर्जव एकच असते : आम्हाला आठवते ती आम्हाला परत द्या.

१७.
पण थार बदलली का? कंपनीला शहरी ग्राहक हवा होता, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग, वेगमर्यादेची सूचना, सीटबेल्टची आठवण अशा सोयी भारतात सक्तीच्या झाल्या. ऑक्टोबर २०१९ पासून टकरीच्या चाचणीचे निकष जुन्या मॉडेलांनाही लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले. जुन्या थारला एअरबॅग नव्हत्या. २०१९ च्या जूनमध्ये 'थार ७००' या नावाने शेवटच्या सातशे गाड्या काढून त्या रूपाला निरोप दिला गेला.

१८.
नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत नव्या थारला प्रौढ आणि बाल प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी पाचपैकी चार-चार तारे मिळाले. या ठिकाणी भावनेला क्षणभर बाजूला ठेवावे लागते. समोरासमोरच्या बाकड्यांची आठवण कितीही गोड असली, तरी आडव्या बसलेल्या माणसाला टकरीत सावरणारे फारसे काही नसते. ज्या काळी-पिवळीने वाड्या-पाड्यांना बाजार, दवाखाना आणि शाळा दिली, तिच्या फळीवरून पडलेली माणसेही त्याच इतिहासात आहेत. चाहत्यांच्या स्मरणात ती क्वचितच येतात.

१९.
आता नकलेच्या आरोपाकडे परत येऊ. महिंद्राने जुन्या जीपच्याच घाटाची 'रॉक्सर' ही गाडी २०१८ मध्ये अमेरिकेत विकायला काढली. रस्त्यावर नव्हे, शेतात आणि रानात चालवण्यासाठी. जीपचे तेव्हाचे मालक फियाट-क्रायस्लर यांनी त्याविरुद्ध अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे धाव घेतली. जून २०२० मध्ये आयोगाने जीपच्या बाजूने निर्णय दिला. रॉक्सरचा चेहरा बदलावा लागला, आणि त्या बदललेल्या रूपाला डिसेंबर २०२० मध्ये आयोगाने हिरवा कंदील दाखवला.

२०.
या प्रकरणातला विरोधाभास पाहण्याजोगा आहे. जो घाट महिंद्राने सत्तर वर्षांपूर्वी रीतसर परवान्याने आणला, जो अमेरिकेत बंद पडल्यावरही भारतात चालू राहिला, त्याच घाटासाठी आता त्याला दारातच अडवले गेले. आणि अडवणारे कोण? जीपचे नाव विलीजकडून कैसरकडे, मग अमेरिकन मोटर्सकडे, मग क्रायस्लरकडे आणि शेवटी फियाटच्या संसारात असे हातोहात फिरत आलेले. कायद्याच्या भाषेत अस्सलपणा कागदाने ठरतो. कुणी किती वर्षे ती वस्तू घडवली, याने नव्हे. चाहत्यांचा कौल याच्या नेमका उलट असतो.

२१.
२०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात खुद्द नव्या थारवरूनच प्रकरण न्यायालयात गेले. जीपला आगाऊ नोटीस दिल्याशिवाय थारचे ते रूप तेथे विकणार नाही, अशी हमी महिंद्राने दिली. म्हणजे रँग्लरची नक्कल म्हणणारे भारतीय चाहते आणि जीपचे वकील, दोघेही एकच बोट दाखवत होते. कारणे मात्र वेगळी होती. वकिलांना आपली मालमत्ता राखायची होती. चाहत्यांना आपल्या गाडीने आता तरी स्वतःचे तोंड घेऊन उभे राहावे असे वाटत होते. या दुसऱ्या इच्छेत एक मानी, जवळजवळ हळवी गोष्ट आहे.

२२.
नाशिकच्याच मातीत या प्रश्नाचे एक जुने उदाहरण सापडले आहे. १९०६ साली जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. नाणी क्षत्रप राजा नहपानाची होती. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. त्याने नहपानाचा पराभव केला, पण त्याची चांदी वितळवली नाही. त्याच नाण्यावर आपला ठसा मारून ती चलनात ठेवली. अनेक नाण्यांवर खालचा जुना चेहरा आजही डोकावतो.

२३.
ते नाणे नहपानाचे की सातकर्णीचे? नाणकशास्त्राचा अभ्यासक यांपैकी एक निवडत नाही. तो दोन्ही ठसे वाचतो, आणि एकावर दुसरा का बसला हे विचारतो. थारकडेही असेच पाहावे लागते. बँटमची कल्पना, त्यावर विलीजचे कंत्राट, त्यावर फोर्डचा पत्रा, त्यावर माझगावची जुळणी, त्यावर काळी-पिवळीचा संसार, त्यावर बीएस-६ चा कायदा आणि सर्वांत वर सातपूरचा ठसा. यातला एकही ठसा कोऱ्या चांदीवर बसलेला नाही.

२४.
लोकांनी कौल काय दिला? २ ऑक्टोबर २०२०, कंपनीच्या स्थापनेच्या तारखेलाच, गाडी विक्रीस आली. पहिल्या गाडीचा लिलाव सेवाकार्यासाठी झाला आणि ती १ कोटी ११ लाख रुपयांना गेली. महिन्याभरात वीस हजारांहून अधिक नोंदण्या झाल्या. जानेवारी २०२३ मध्ये केवळ मागच्या चाकांवर चालणारी थार आली, तेव्हा 'फोर-बाय-फोर नसलेली थार कसली?' असा नवा वाद पेटला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाच दारांची 'रॉक्स' आली, तर तिच्या पांढऱ्या आसनांवरून चिखलाचे विनोद झाले. आणि नोंदणी उघडताच पहिल्या तासात पावणेदोन लाखांहून अधिक लोकांनी ती नोंदवली.

२५.
याचा अर्थ रागावलेले चाहते चुकले आणि बाजार बरोबर ठरला, असा काढण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा. विक्रीचे आकडे एवढेच सांगतात की गाडी आता गरजेच्या माणसाकडून हौसेच्या माणसाकडे गेली. पूर्वी डोंगरातल्या माणसाला जीपवाचून गत्यंतर नव्हते; आता शहरातला माणूस डोंगरात जायचे म्हणून थार घेतो. हे स्थित्यंतर कंपनीच्या कोणत्याही पत्रकात लिहिलेले नाही. ते नोंदवले गेले ते चाहत्यांच्या तक्रारीत, बाकडी गेली, पाटे गेले, पाना चालेना, अशा तुटक शब्दांत.

२६.
म्हणून हा राग साधन म्हणून जपण्याजोगा आहे. त्यातले दावे तपासावेत. 'अस्सल'विषयीचे बहुतेक दावे टिकत नाहीत, हे वर दिसलेच. पण दावा खोटा ठरला म्हणून दुःख खोटे ठरत नाही. यंत्र उघडावे आणि ते समजावे, असा माणसाचा वस्तूशी असलेला एक संबंध आपल्या डोळ्यांदेखत संपला. सुरक्षितता आणि स्वच्छ हवा यांसाठी तो संपणे बहुधा योग्यच होते. तरी तो होता, हे कुणीतरी सांगायला हवे.

२७.
सातपूरहून निघालेल्या एखाद्या ट्रेलरवर आजही कोऱ्या गाड्या दिसतात. आज ज्याच्यावर नाके मुरडली जातात तो २०२० चा चेहरा आणखी वीस वर्षांनी कुणाच्या तरी लहानपणीचा चेहरा असेल. तेव्हा पुढचे नवे रूप येईल, आणि नाशिकमधलाच कुणी तरुण ठामपणे म्हणेल, ही थार नव्हे, खरी थार ती जुनी. त्या वेळी त्याला खोडून काढण्याआधी विचारावे : तुझ्या त्या जुन्या थारमध्ये तू कुणाबरोबर बसला होतास, आणि कुठे निघाला होतास? इतिहास तेथून सुरू होतो.